अमोलच्या हातावरचा काळा चौकोन

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतेय आणि खरं सांगू? निम्म्यांना हसलेय. कारण माझं कामच तसलं आहे. चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे मी. मशीन आपोआप सुरू झालं, आपोआप बंद पडलं, कुणी नसताना आवाज आला... असं काही झालं की लोक नारळ आणायला निघतात आणि मी मल्टीमीटर आणते. आजवर प्रत्येक 'भूत' शेवटी सैल वायर निघालंय, नाहीतर उंदीर. तेव्हा 'हिला पहिल्यापासून असलं आवडतं' असा शेरा कृपा करून मारू नका. मला असलं अजिबात आवडत नाही, अजूनही नाही. पण जे झालं ते डोक्यातून जात नाही, आणि घरात विषय काढला की नवरा म्हणतो, "आता पुरे ना वैशाली." म्हणून इथे लिहितेय.

आधी डब्यांबद्दल सांगावं लागेल.

आमच्या कंपनीत गेटवर मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. चाकणच्या बऱ्याच कंपन्यांत हेच आहे. आत फोटो नाही म्हणजे नाही. आता आम्हा मेंटेनन्सवाल्यांची पंचाईत अशी, की आपण समोर उभे असताना मशीन कधीच बिघडत नाही. आपण चहाला वळलो की हमखास थांबणार! म्हणून साहेबांची परवानगी काढून मी एक जुगाड केला. पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीने जुने सीसीटीव्ही कॅमेरे काढून नवे बसवले, तेव्हा जुने सगळे मी घरी उचलून आणले. एक कॅमेरा, मेमरी कार्ड घालायचं एक छोटं रेकॉर्डिंग बोर्ड, एक बॅटरी, आणि हे सगळं प्लॅस्टिकच्या जेवणाच्या डब्यात कोंबायचं. डब्याला भोक पाडून लेन्स बाहेर काढायची. झाला फिरता रेकॉर्डर! मशीनसमोर ठेवायचा, आपण आपल्या कामाला लागायचं, आणि नंतर निवांत बघायचं की नक्की काय झालं. लाइनवरचे लोक मला 'डबेवाल्या मॅडम' म्हणायला लागले. म्हणू देत. त्या डब्यांनी मला कित्येक बिघाड पकडून दिलेत.

सोसायटीचे कॅमेरे संपल्यावर मी चिखलीकडच्या एका भंगारवाल्याकडे जायला लागले. सगळे त्याला चाचा म्हणतात. चाचांनी एकदा एक पोतंच पुढे केलं. त्यातला एकच कॅमेरा चालू निघाला. गोल डोक्याचा, पिवळट पडलेला, आणि इतका तेलकट की स्पिरिटने पुसला तरी वास जाईना. कुठल्यातरी वर्कशॉपमधला असणार हे उघड होतं. मी तो नवीन डब्यात बसवला.

आता ज्याच्यामुळे हे सगळं लिहितेय तो माणूस. अमोल, माझा धाकटा भाऊ. माझं माहेर मोशीचं. आमचे वडील गेले तेव्हा अमोल शाळेत होता, त्यामुळे तो माझा भाऊ कमी आणि पोरगा जास्त आहे. चाकणच्याच एका छोट्या कंपनीत तो पॉवर प्रेसवर ऑपरेटर आहे. पॉवर प्रेस म्हणजे डाय, म्हणजे लोखंडी साचा, पत्र्यावर दणकन आपटून त्याला आकार देणारं मशीन. त्याचं लग्न ठरलं होतं, पुढच्याच महिन्यात. आईचे तर जमिनीवर पाय टेकत नव्हते.

गुरुवार म्हणजे आमच्या पट्ट्यातला रविवार, सगळ्यांना सुट्टी. त्या गुरुवारी मी आणि नितीन मोशीला जेवायला गेलो. (नितीन म्हणजे 'पुरे ना' म्हणणारा नवरा.) नव्या डब्याची बॅटरी किती टिकते ते बघायचं होतं, म्हणून मी तो फ्रिजवर चालू करून ठेवला. आई म्हणाली, "जेवताना कशाला गं आमचं शूटिंग? माझं तोंड न्हाई चांगलं दिसत." अमोल म्हणाला, "आई, तू बिनधास्त जेव. ताईच्या डब्यात सगळे मशीनसारखेच दिसतात." हसलो, जेवलो, पत्रिकेवर कुणाकुणाची नावं टाकायची यावरून भांडलो आणि घरी आलो.

घरी आल्यावर मी कार्ड लॅपटॉपला लावलं. नितीन मागे चहा घेऊन उभा होता. तोच म्हणाला, "अगं, अमोलचा हात कुठंय?"

मी नीट बघितलं. चित्र अगदी स्वच्छ होतं. आई, मी, नितीन, ताटं, पितळेचा तांब्या... आणि अमोलच्या उजव्या हाताच्या जागी काळा चौकोन. मनगटापासून पुढे. अमोल भाकरी मोडायचा तेव्हा चौकोन ताटावर, घास तोंडाशी न्यायचा तेव्हा चौकोन तोंडाशी. आईने त्याला आमटी वाढली तेव्हा 'बास बास' म्हणून तो चौकोनच वर झाला.

आता हा चौकोन काय असतो ते मला चांगलं माहीत आहे. सीसीटीव्हीत एक सोय असते, प्रायव्हसी मास्क म्हणतात तिला. समजा तुमच्या कॅमेऱ्यात समोरच्या फ्लॅटची खिडकी येते, तर स्क्रीनवर तेवढ्या भागावर काळा चौकोन काढून ठेवायचा. आमच्या सोसायटीतही तसा होता. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक तर तो चौकोन जागचा हलत नाही. खिडकीवर काढला तर खिडकीवरच राहतो, कुणाच्या हातामागे पळत नाही. आणि दुसरं म्हणजे असल्या जुन्या कॅमेऱ्यात ती सोयच नसते, ती असते डीव्हीआरमध्ये, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीत. कॅमेरा फक्त बघतो. लक्षात ठेवणं, झाकणं, पुसणं ही सगळी त्या डीव्हीआरची कामं. तो डीव्हीआर कुठे होता, कुणाचा होता, मला पत्ता नाही. माझ्या डब्यातलं बोर्ड तर इतकं साधं की त्यात तारीखसुद्धा धड लागत नाही.

मी बोर्ड बदललं, कार्ड बदललं. नितीनला समोर बसवून हात हलवायला लावले. स्वतःचे हात घेतले. शेजारच्या काकूंना वाटाणे सोलायला बोलावलं आणि त्यांचं शूटिंग केलं. कुठेही काही नाही! म्हटलं, चला, त्या दिवशी कसला तरी बिघाड झाला असेल. मग आठवड्याने अमोल पत्रिका द्यायला आमच्याकडे आला. मी गुपचूप डबा लावला. तो गेल्यावर बघितलं तर चहाच्या कपाभोवती परत तोच काळा चौकोन. फक्त त्याच्या हातावर, आणि फक्त उजव्या.

खरं सांगते, त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. स्वयंपाक करता करता लॅपटॉप उघडायचे, कंपनीच्या बसमध्ये मोबाईलवर तीच क्लिप. नितीन म्हणाला, "इंजिनियर आहेस ना तू? मग बिघाड शोध, अशी येरझारा काय घालतेस?" चिडले मी त्याच्यावर. पण म्हणणं बरोबर होतं.

मी चाचांकडे गेले आणि कॅमेरा कुठून आला ते विचारलं. चाचा म्हणाले, "प्रेसवाली कंपनी थी मॅडम, बंद हो गयी. पूरा माल उठाया था." त्यांनी कंपनीचं नावही सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही. पण नाव ऐकलं आणि मला बोरकर सर आठवले. बोरकर सर आमच्याच कंपनीत आहेत, आम्हाला पार्ट पुरवणाऱ्या छोट्या कंपन्यांची तपासणी करणं हे त्यांचं काम. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी त्यांना गाठलं.

"हो गं, ओळखतो की," बोरकर सर म्हणाले. "त्या मालकाने आम्हाला त्याच्या कॅमेऱ्यांचं लॉगिन दिलेलं. इथे बसून त्याचं अख्खं वर्कशॉप बघता यायचं. फार कौतुक वाटायचं तेव्हा. पण एका प्रेसवर स्क्रीनवर काळा चौकोन होता."

माझा घास हातातच राहिला. "कशाला?"

"मी विचारलं ना. म्हणाला, डाय दुसऱ्या कस्टमरची आहे, डिझाइन बाहेर जायला नको. आम्हालाही पटलं." सर ताटाकडे बघत होते. "नंतर कळलं, झाकायचे होते ते ऑपरेटरचे हात. पाचर मारलेली होती बटणाला."

हे प्रेसवर काम न केलेल्यांसाठी सांगते. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, लांब लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. का? तर प्रेस खाली येताना माणसाचे दोन्ही हात बटणांवर असावेत, आत नसावेत. एवढं साधं आहे. पण मग पार्ट आत ठेवायला, काढायला वेळ जातो, टार्गेट होत नाही. म्हणून लोक काय करतात, एका बटणात लाकडाची बारीक पाचर ठोकतात. ते बटण दाबलेलंच राहतं. मग डाव्या हाताने दुसरं बटण आणि उजवा हात आत-बाहेर, आत-बाहेर. काम पटापट होतं. आमच्या लाइनवर मला अशी पाचर दिसली तर मी सगळा शॉप डोक्यावर घेते. तरी परत कुणीतरी मारतंच.

"मग एकाचा हात गेला," बोरकर सर म्हणाले. "उजवा. मालक म्हणाला, त्याचीच चूक, पाचरबिचर काही नव्हती. चौकशीत रेकॉर्डिंग काढलं..."

"आणि चौकोन."

"चौकोन. माणूस दिसतोय, मशीन दिसतंय, मधलं काहीच नाही. तो बिचारा सारखा म्हणत होता, माझा हात दाखवा, हात कुठे होता ते बघा. दाखवणार काय? गेला मग गावाकडे, मराठवाड्यातला होता कुठलातरी. नाव... नाही आठवत गं आता."

कँटीनमधून उठून मी सरळ बाहेर आले आणि अमोलला फोन लावला. त्याने उचलला नाही, शिफ्ट चालू होती. संध्याकाळी मी घरी न जाता मोशीला उतरले. आई देवळात गेली होती ते बरंच झालं.

"अमोल, तुझ्या प्रेसला पाचर आहे?"

"अगं ताई, बस तरी. पाणी घे."

"आहे की नाही?"

तो हसला. "सगळेच मारतात ताई. मीच एकटा हाय का? तुमच्यासारखी मोठी कंपनी नाय आमची. टार्गेट नाही झालं की सुपरवायझर सगळ्यांसमोर इज्जत काढतो. लग्नाची सुट्टी पाहिजे मला."

"घाल खड्ड्यात ती सुट्टी!" मी ओरडलेच. मग मोबाईल काढला आणि त्याला जेवणाची क्लिप दाखवली, चहाचीही. बोरकर सरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. आधी तो चेष्टा करत होता, "ताई, तू कधीपासून देवऋषी झालीस?" म्हणत होता. मग आमटीला नको म्हणायला चौकोन वर झाला तो भाग आला. टेबलाखाली त्याने उजवा हात डाव्यात धरलेला मला दिसला.

"कॅमेरा खराब हाय तुझा," तो शेवटी म्हणाला.

"असेल. मला खोटी पाड, मला चालेल. पण ती पाचर काढ. माझी शपथ आहे तुला."

"शपथा काय घालते लहान पोरासारखी..." तो चिडला. "काढतो बाई. उद्या काढतो, बास? आईला काय बोलू नको."

माझा विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक चहाच्या सुट्टीत मी फोन करायला लागले. "काढली?" "काढली." "परत नाही ना मारली?" "नाय मारली ताई, काम करू दे." तो वैतागायचा. सुपरवायझर त्याला बोलत होता, पार्ट कमी निघत होते. एकदा तर म्हणाला, "तुझ्या या डब्यापायी माझी नोकरी जाणार बघ." मी ऐकून घेतलं. मला तेव्हा काहीही ऐकायला चाललं असतं.

मग एक दिवस सकाळच्या पाळीत त्यानेच फोन केला. मी पॅनल उघडून बसले होते.

"ताई..."

"काय झालं?"

"काय न्हाई झालं."

"मग?"

"ताई, काय न्हाई झालं गं." आवाज आईसारखा झाला होता त्याचा, गावाकडचा. आणि तो रडत होता.

झालं असं होतं. चहा पिऊन तो प्रेसवर आला. पार्ट आत अडकला म्हणून उजवा हात आत घातला. तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली. त्याने मान वळवली आणि डावा हात सवयीने बटणावर पडला. पूर्ण दाबलं गेलं. उजवा हात डायमध्ये मनगटापर्यंत. पाचर असती तर दुसरं बटण दाबलेलंच असतं. पाचर नव्हती, म्हणून प्रेस जागची हलली नाही.

बाकीच्यांना कळलंही नाही. झालंच नव्हतं ना काही! फक्त अमोल हात बाहेर काढून त्याच्याकडे बघत उभा राहिला, आणि मग मला फोन केला. मी तिथेच पॅनलसमोर जमिनीवर बसले. हेल्पर विचारतोय, मॅडम शॉक बसला का?

घरी येऊन आधी ती जेवणाची क्लिप उघडली. चौकोन नव्हता! तीच फाइल, तीच ताटं, आई तशीच पदर सावरतेय, आणि अमोल भाकरी मोडतोय, पाची बोटांनी. अंगठ्यावरचा लहानपणच्या चटक्याचा डागसुद्धा दिसत होता. चहाच्या क्लिपमध्येही तेच. नितीनला बोलावलं. त्याने क्लिप परत पहिल्यापासून लावली, मग म्हणाला, "फाइल बदललीस का?" नाही बदलली. त्यामुळे पुरावा मागू नका, माझ्याकडे नाही. जे आम्ही तिघांनी डोळ्यांनी बघितलं ते आता कुठेच नाही.

अमोलची कंपनीही आम्हालाच पार्ट पुरवते, म्हणून बोरकर सरांना मी तिथे तपासणीला जायला लावलं, तो वेगळा विषय. तिथल्या सगळ्या पाचरी निघाल्या एवढं कळलं. अमोलला सुट्टीही मिळाली. त्या हात गेलेल्या माणसाचा पत्ता काढायचा खूप प्रयत्न केला, पण कुणालाच काही माहीत नाही.

इथेच संपलं असतं तर कदाचित मी लिहिलंही नसतं. योगायोग म्हणाले असते.

हळदीला मी तोच डबा घेऊन गेले. भीती वाटत होती, पण खात्री करायची होती. मोशीला घरासमोरच मांडव होता, भर सकाळी, ऊन चांगलं वर आलेलं. डबा खांबाला बांधला. हळद लागली, बायकांनी गाणी म्हटली, आईने अमोलच्या दोन्ही हातांना हळद लावली आणि नंतर उगीचच ते हात धरून बसली. तिला काही माहीत नव्हतं तरी.

लग्नाची दगदग संपल्यावर मी ते बघायला बसले. अमोलचे हात स्वच्छ. पिवळेधमक. मला इतकं बरं वाटलं की मी पुढे बघणारही नव्हते.

मावशी हळद लावून बाजूला झाली. क्षणभर अमोलसमोर कुणी नाही. आणि मांडवाच्या दारातून काळा चौकोन आत आला. नुसता चौकोन. वर माणूस नाही, खाली पाय नाहीत. आपला हात लोंबतो ना बाजूला, साधारण तेवढ्या उंचीवर. बायकांच्या मधून वाट काढत, कुणाला धक्का न लावता सरळ अमोलसमोर येऊन थांबला. अमोलने वर बघितलं, काहीतरी ऐकल्यासारखी मान हलवली आणि दोन्ही हात पुढे केले. आधी तळवे, मग उलटे करून. थोड्या वेळाने चौकोन वळला आणि आला तसा दाराकडे गेला. लगेच आमची चुलती हळदीची वाटी घेऊन पुढे आली.

मी अमोलला क्लिप दाखवली नाही. नुसतं विचारलं, "हळदीला मावशीनंतर तुझ्याकडे कोण आलं होतं रे?"

"ते होय? निळ्या युनिफॉर्मवाले काका? मला वाटलं तुमच्या कंपनीतले. तू बोलावलं नव्हतंस का?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, हात दाखव. दाखवले दोन्ही. म्हटलं काका, हळद लावा की. तर नको म्हणाले. उजवा हात खिशातून काढलाच नाही त्यांनी."

मांडवात त्या दिवशी निळ्या युनिफॉर्ममध्ये कुणीही नव्हतं. मी सगळ्यांना विचारलंय, फोटोवाल्याचे सगळे फोटो तपासलेत. आणि माझ्या क्लिपमधला तो चौकोनही आता नाही. दारापासून अमोलपर्यंत बायकांच्या मधली रिकामी सतरंजी दिसते आणि अमोल हात पुढे करून कुणाला तरी दाखवतोय एवढंच. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. वायर सैल नव्हती, उंदीर नव्हता. कुणाला काही सुचलं तर खरंच सांगा, मी वाचेन.

मला मात्र वाईट खोड लागलीय. बसमध्ये, लाइनवर, भाजीवाल्याकडे, मी आधी माणसांचे हात बघते. डबा कपाटात वरच्या फळीवर आहे, बॅटरी काढलेली. नितीन म्हणतो, लेन्सच्या काचेवर धूळ बसेल, फडकं तरी टाक त्यावर. मी टाकत नाही. दर गुरुवारी खाली काढते, काच पुसते आणि परत तसाच उघडा ठेवते.